नाव आणि नाते : सजीवांच्या वर्गीकरणाची भाषा



कडुलिंब, कढीलिंब आणि लिंबू हे तीन शब्द कागदावर एकाखाली एक लिहा आणि क्षणभर त्यांच्याकडे पाहा. तिन्हींत 'लिंब' हा घटक दिसतो. तरीही मराठी माणसाला विचारले, की यांतली भावंडे कोणती, तर तो बहुधा कडुलिंब आणि कढीलिंब यांकडे बोट दाखवील. दोन्हींची पाने एका दांड्यावर दोन्ही बाजूंना ओळीने लागतात, दोन्हींचा टाळा दुरून सारखा दिसतो. लिंबाचे झाड मात्र वेगळे, काटेरी. भाषेचा इतिहासही याच्या आड येत नाही. संस्कृतात 'निंब' आणि 'निंबूक' असे दोन निराळे शब्द होते. मराठीत दोहोंतल्या 'न'चा 'ल' झाला आणि दोन शब्द जवळ आले, इतकेच.

आता कढीलिंबाचे एक ताजे पान उन्हाकडे धरून पाहा. पानात सूक्ष्म, पारदर्शक ठिपके दिसतील. ते सुगंधी तेलाचे थेंब होत. लिंबाच्या पानातही तसेच ठिपके दिसतात, कडुलिंबाच्या पानात दिसत नाहीत. फुलाकडे वळलो तर कडुलिंबाच्या फुलातील पुंकेसर एकमेकांना जुळून त्यांची बारीक नळी झालेली असते. कढीलिंबाच्या फुलात ते सुटे असतात. अशा अनेक लक्षणांवरून वनस्पतिशास्त्रज्ञ कढीलिंब आणि लिंबू यांना 'रुटेसी' या एका कुलात ठेवतात. कडुलिंब 'मेलिएसी' या दुसऱ्या कुलात, बकाणनिंबाच्या शेजारी जातो. म्हणजे आपल्या कानाने आणि डोळ्यांनी जोडलेली जोडी शास्त्राने मोडली आणि तिसऱ्यालाच भावंड ठरवले.

मग मराठीची नावे चुकली काय? हा प्रश्न भाषेच्या विद्यार्थ्याने घाईने सोडवू नये. या घटकात आपल्याला पाहायचे आहे ते हे, की सजीवांना नाव देणे आणि त्यांचे नाते ठरविणे या दोन निराळ्या क्रिया आहेत. लोकभाषा त्या दोन्ही एकाच शब्दात करू पाहते. जीवशास्त्राने त्या कष्टाने वेगळ्या केल्या, आणि तशा करताना भाषेविषयी बरेच काही शिकविले.

लोकांचे वर्गीकरण

लोकभाषेतील नावे अडाणी असतात हा समज प्रथम बाजूला ठेवावा. पक्षिशास्त्रज्ञ एर्न्स्ट मायर १९२८ मध्ये न्यू गिनीतील आर्फाक पर्वतात पक्ष्यांचे नमुने गोळा करीत होते. त्यांना स्वतःला तेथे पक्ष्यांच्या १३७ जाती वेगळ्या ओळखता आल्या. तेथील रहिवाशांच्या भाषेत त्यांसाठी १३६ नावे होती. केवळ दोन अगदी सारख्या जातींना मिळून एक नाव होते. ज्यांनी कधी प्रयोगशाळा पाहिली नाही त्यांनी आणि युरोपात शिकलेल्या शास्त्रज्ञाने जवळजवळ त्याच रेषा आखल्या होत्या. यावरून निदान पक्ष्यांच्या बाबतीत जाती निसर्गात खरोखर असतात, आपण त्या केवळ कल्पित नाहीत, असे मायर यांचे मत दृढ झाले. अमेरिकन अभ्यासक ब्रेंट बर्लिन यांनी पुढे मेक्सिकोतील त्सेल्ताल भाषेतील वनस्पतींच्या नावांचा अभ्यास केला. त्यांना आढळले, की लोकवर्गीकरणालाही पायऱ्या असतात : सर्वांत वर झाड, वेल, गवत असे मोठे गट, मध्ये एका शब्दाची मुख्य नावे, त्याखाली त्याच नावाला विशेषण जोडून झालेली दोन पदांची नावे.

मराठीत हे आपल्या परिचयाचे आहे. बाभूळ, देवबाभूळ, वेडी बाभूळ, मांजर, रानमांजर, तुळस, रानतुळस. 'वेडी बाभूळ' हे झाड मूळचे अमेरिका खंडातले. ते येथे आले तेव्हा लोकांनी नवा शब्द घडविला नाही. काटे, शेंगा आणि बारीक पाने पाहून त्यांनी त्याला ओळखीच्या झाडाच्या पंक्तीत बसविले आणि विशेषणाने वेगळे केले. 'देवमासा' हा शब्द याच रीतीने झाला. पाण्यात राहतो म्हणून मासा, प्रचंड म्हणून देव. तो पिलांना दूध पाजतो ही गोष्ट नाव देताना महत्त्वाची वाटली नाही, कारण किनाऱ्यावरून ती दिसत नाही.

लोकभाषेची अडचण अज्ञानात नाही, ती व्याप्तीत आहे. गावातली नावे गावापुरती नेमकी असतात. चार तालुके ओलांडले की तेच झाड दुसरे नाव घेते आणि तेच नाव दुसऱ्या झाडावर बसते. बोलीभूगोलाच्या घटकात आपण शब्दांच्या अशा सीमारेषा अभ्यासल्या आहेत. जगभरच्या सजीवांविषयी एकमेकांशी बोलायचे असेल तर या सीमा अडतात. आज शास्त्राने नाव दिलेल्या जातींची संख्या २० लाखांच्या घरात आहे. एवढी नावे कोणत्याही एका बोलीत असणे शक्य नाही.

एक पारिभाषिक सावधगिरी

पुढे जाण्यापूर्वी शब्दांचा एक गोंधळ दूर केला पाहिजे. मराठी पाठ्यपुस्तकांत आणि विश्वकोशात वर्गीकरणाच्या पायऱ्या सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती अशा उतरत्या क्रमाने येतात. यात 'जाती' ही सर्वांत खालची, म्हणजे 'स्पीशीज'. 'प्रजाती' ही तिच्या वरची, म्हणजे 'जीनस'. हिंदीत मात्र स्पीशीजला 'प्रजाति' म्हणतात आणि जीनसला 'वंश'. हिंदीवरून भाषांतरित झालेल्या बातम्यांमुळे मराठी वृत्तपत्रांत 'बेडकाची नवी प्रजाती सापडली' असे सर्रास छापले जाते. सापडलेली असते जाती. मराठी परिभाषेत नवी प्रजाती सापडणे ही त्याहून बरीच मोठी घटना आहे. मला विचाराल तर या बाबतीत हट्ट धरण्यास हरकत नाही, कारण येथे 'प्र' या एका उपसर्गाने अर्थाची एक संपूर्ण पायरी बदलते. या घटकात जाती आणि प्रजाती हे शब्द मराठी परिभाषेप्रमाणेच वापरले आहेत.

वाक्याचे नाव झाले

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत युरोपातील विद्वान वनस्पतींना लॅटिनमध्ये जे नाव देत ते खरे तर एक छोटे वाक्य असे. टोमॅटोच्या अशा नावाचा अर्थ साधारणपणे 'बिनकाट्याच्या मऊ खोडाचे, पिसासारख्या कापलेल्या पानांचे, साध्या घोसांचे सोलॅनम' असा होता. हे नाव वर्णनही करीत होते आणि भेदही दाखवीत होते. पण नवी जात सापडली, आणि तिचेही खोड मऊ, पाने कापलेली निघाली, की जुन्या नावात आणखी एक विशेषण घालावे लागे. शेजारी बदलला की आपले नाव बदलायचे, असा तो प्रकार होता.

स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाचे प्राध्यापक कार्ल लिनीअस (१७०७–१७७८) यांनी १७५३ मध्ये 'स्पीशीज प्लँटारम' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात सुमारे ६००० वनस्पती होत्या. लांब वर्णनात्मक नावे त्यांनी टाकली नाहीत. त्यांच्या मते तीच खरी नावे होती. मात्र प्रत्येक नोंदीच्या बाजूला, समासात, त्यांनी एकेक सुटसुटीत शब्द छापला. प्रजातीचे नाव आणि समासातला हा शब्द मिळून दोन पदांचे नाव तयार होई : 'सोलॅनम लायकोपर्सिकम'. विद्यार्थ्यांना आणि प्रवासी संग्राहकांना लक्षात ठेवायला सोपे जावे, एवढाच हेतू. पुढे समासातला शब्द उरला आणि मुख्य मजकुरातले वाक्य विस्मृतीत गेले. १७५८ मध्ये त्यांनी 'सिस्टेमा नॅचुरी' या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत हीच पद्धत सर्व प्राण्यांना लावली, आणि त्याच आवृत्तीत देवमाशाला माशांतून काढून सस्तन प्राण्यांत नेले. म्हणूनच आजच्या नियमांनुसार वनस्पतींची नावे १७५३ पासूनची आणि प्राण्यांची १७५८ पासूनची ग्राह्य धरतात.

येथे भारतीय व्याकरणपरंपरेतील एक संकल्पना उपयोगी पडते. शब्दांचे यौगिक, रूढ आणि योगरूढ असे भेद आपण अभ्यासले आहेत. 'पंकज' या शब्दाचा अवयवार्थ 'चिखलात जन्मलेले' असा असला, तरी चिखलातल्या बेडकाला आपण पंकज म्हणत नाही. लिनीअसपूर्व नाव पूर्णपणे यौगिक होते. द्विपद नाव दिसते यौगिक, पण वागते रूढ शब्दासारखे. त्याचा अवयवार्थ खोटा ठरला तरी चालतो.

चिंचेचे शास्त्रीय नाव 'टॅमरिंडस इंडिका'. यातला पहिला शब्द अरबी 'तमर हिंदी' म्हणजे 'हिंदचा खजूर' यावरून आला, आणि दुसऱ्याचा अर्थ 'भारतातली' असा. चिंच खजूर नाही, ती शेंगांच्या कुलातली. आणि मूळची भारतातलीही नाही, उष्ण कटिबंधातील आफ्रिकेतली. दोन शब्दांचे नाव आणि दोन्ही शब्द अवयवार्थाने खोटे! याहून गमतीचे उदाहरण न्यू गिनीच्या परिसरातील एका स्वर्गपक्ष्याचे. त्याची कातडी युरोपात व्यापाराने येत, तेव्हा ती तयार करणारे लोक पाय आधीच काढून टाकीत. लिनीअस यांनी त्याला 'पॅराडिसीया अपोडा' म्हणजे 'बिनपायाचा' असे नाव दिले. पक्ष्याला दोन धडधाकट पाय आहेत, तरी नाव बदलले नाही. नावाने वर्णन करावे ही अपेक्षाच शास्त्राने सोडून दिली होती. नावाने एका वस्तूकडे निर्देश करावा, आणि नेहमी त्याच वस्तूकडे करावा, एवढेच.

लिंग, वचन आणि भारत

नावे लॅटिन वळणाची असल्यामुळे लॅटिन व्याकरणाचा एक नियम त्यांना आजही बांधून आहे. जातिवाचक पद विशेषण असेल तर ते प्रजातीच्या नावाच्या लिंगाप्रमाणे चालते. मराठी भाषकाला यात नवल वाटू नये. काळा घोडा, काळी गाय, काळे मांजर असे आपण रोज म्हणतो. लांब चोचीच्या भारतीय गिधाडाचे नाव 'जिप्स इंडिकस', आंब्याचे 'मँजिफेरा इंडिका' आणि तिळाचे 'सेसॅमम इंडिकम'. 'भारतीय' हे एकच विशेषण अनुक्रमे पुल्लिंगी, स्त्रीलिंगी आणि नपुंसकलिंगी झाले आहे. घरचिमणी 'पॅसर डोमेस्टिकस' आहे, तर घरमाशी 'मस्का डोमेस्टिका'. एखादी जात एका प्रजातीतून दुसरीत हलवली आणि नव्या प्रजातीच्या नावाचे लिंग निराळे असले, तर विशेषणाचा प्रत्यय बदलावा लागतो. मराठीतून निघालेल्या लेखांत हे प्रत्यय अनेकदा चुकतात. हिंदी वा इंग्रजीच्या विद्यार्थ्यापेक्षा तीन लिंगे वागवणाऱ्या मराठीच्या विद्यार्थ्याला ते सहज कळावेत.

नावांतील शब्द मात्र कोणत्याही भाषेतून येऊ शकतात, फक्त त्यांना लॅटिन वेष चढवावा लागतो. नागाचे 'नाजा' हे आपल्या 'नाग' शब्दाचेच रूप होय. मण्यारीच्या प्रजातीचे नाव 'बंगॅरस' हे सोने या अर्थाच्या तेलुगू शब्दावरून घेतले आहे. 'सफेद मुसळी' या वनस्पतीचे 'क्लोरोफायटम बोरिव्हिलिएनम' हे नाव मुंबईच्या बोरिवलीवरून पडले. रोमन लिपीत प्रजातीच्या नावाचे पहिले अक्षर मोठे लिहितात, जातीचे लहान, आणि दोन्ही तिरप्या ठशात छापतात. देवनागरीत मोठी-लहान अक्षरे नाहीत, म्हणून येथे आपण अवतरणचिन्हांवर भागवले आहे.

तुळशीची दोन नावे, बाभळीचे गेलेले नाव

नाव कायम राहावे यासाठी जीवशास्त्राने दोन मोठे नियम केले. पहिला अग्रक्रमाचा. एकाच जातीला दोन नावे दिली गेली असतील तर साधारणपणे आधीचे नाव खरे. तुळशीला लिनीअस यांनी स्वतःच दोन नावे दिली. १७५३ मध्ये 'ऑसिमम टेनुइफ्लोरम', म्हणजे 'बारीक फुलांची'. आणि १७६७ मध्ये, वेगळी वनस्पती समजून, 'ऑसिमम सँक्टम', म्हणजे 'पवित्र'. पुढे दोन्ही एकच असल्याचे ठरले. भारतात 'सँक्टम' हे नाव लोकप्रिय झाले. औषधांच्या वेष्टनांवर ते अजूनही दिसते. भावनेने पाहिले तर ते अधिक योग्य. पण नियम भावनेला विचारत नाही. १७५३ हे १७६७ च्या आधी येते, म्हणून आपल्या वृंदावनातली तुळस शास्त्रात 'बारीक फुलांची' आहे. रामतुळस आणि कृष्णतुळस हे भेद घरात आपण कटाक्षाने पाळतो. शास्त्राच्या दृष्टीने दोन्ही या एकाच जातीचे प्रकार आहेत.

कडुलिंबाच्या नावातही नियमांचा असाच खेळ आहे. लिनीअस यांनी बकाणनिंबाला 'मेलिया अझेडारॅक' आणि कडुलिंबाला 'मेलिया अझाडिराक्टा' म्हटले. दोन्ही पदे 'आझाद दरख्त' या फारसी शब्दांची रूपे. एकोणिसाव्या शतकात फ्रेंच शास्त्रज्ञ आद्रियाँ द ज्युसिय यांनी कडुलिंबासाठी स्वतंत्र प्रजाती केली आणि तिला नाव दिले 'अझाडिराक्टा'. मग जातिवाचक पद तसेच ठेवले तर 'अझाडिराक्टा अझाडिराक्टा' अशी द्विरुक्ती होते. प्राणिशास्त्राला ती चालते. नाग 'नाजा नाजा'च आहे. वनस्पतिशास्त्राला चालत नाही. म्हणून कडुलिंब झाला 'अझाडिराक्टा इंडिका'. दोन शास्त्रांच्या नियमसंहिता वेगळ्या आहेत, हे यावरून ध्यानात येईल.

दुसरा नियम अधिक खोल आहे. प्रत्येक जातीचे नाव एका प्रत्यक्ष नमुन्याला बांधलेले असते : संग्रहालयातला एक वाळवलेला फाटा, एक कातडे, टाचणीवरचा एक कीटक. याला आपण 'मूळ नमुना' म्हणू. नावाचा अर्थ काय, या प्रश्नाचे अंतिम उत्तर व्याख्येत नसते, त्या नमुन्यात असते. उद्या एका जातीच्या तीन जाती झाल्या, तर जुने नाव कोणाकडे जाईल? ज्या गटात मूळ नमुना पडेल त्याच्याकडे. तसेच प्रजातीचे नाव एका मूळ जातीला बांधलेले असते. लिनीअस यांचा संग्रह त्यांच्या मृत्यूनंतर १७८४ मध्ये जेम्स एडवर्ड स्मिथ या इंग्रज गृहस्थाने विकत घेतला आणि तो लंडनला गेला. त्यांनी भारतीय वनस्पतींना दिलेल्या कित्येक नावांचे अर्थ आजही तेथल्या कपाटांत आहेत.

या नियमाला एकदा अपवाद झाला, आणि तो नेमका आपल्या बाभळीच्या मुळावर आला. ग्रीक भाषेत 'अकाकिया' हा शब्द ईजिप्तमधील काटेरी झाडासाठी होता. त्यावरून 'अकेशिया' ही प्रजाती झाली. बाभूळ 'अकेशिया नायलोटिका', म्हणजे नाईलकाठची. या प्रजातीत पुढे हजाराहून अधिक जाती जमा झाल्या, त्यांतील बहुसंख्य ऑस्ट्रेलियातल्या. डीएनएच्या अभ्यासातून दिसले, की हा सारा गोतावळा एका घरातला नाही; प्रजाती फोडावी लागणार. नियमाप्रमाणे 'अकेशिया' हे नाव मूळ जातीकडे, म्हणजे बाभळीच्या गटाकडे राहायला हवे होते आणि ऑस्ट्रेलियातील सुमारे हजार जातींना नवे नाव घ्यावे लागले असते. एवढी नावे बदलण्यापेक्षा मूळ जातच बदलावी, असा प्रस्ताव आला. व्हिएन्ना येथे २००५ मध्ये भरलेल्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत तो कडाक्याच्या वादानंतर टिकला आणि २०११ मध्ये मेलबर्न येथे कायम झाला. 'अकेशिया' ऑस्ट्रेलियाला गेले. बाभूळ आता 'वॅचेलिया नायलोटिका' आहे आणि खैर 'सेनेगालिया कॅटेचू'. वनखात्याने आपल्याकडे रस्त्याकडेला लावलेली बिनकाट्याची ऑस्ट्रेलियन बाभूळ मात्र शास्त्रशुद्ध 'अकेशिया'. ज्या शब्दाचा जन्म काट्यांतून झाला तो बहुतांशी बिनकाट्याच्या झाडांकडे गेला. हा निर्णय सोयीचा होता हे मान्य. तो न्याय्य होता असे आफ्रिकेतल्या आणि भारतातल्या अनेकांना वाटले नाही, आणि मलाही वाटत नाही. यातून एक गोष्ट मात्र स्पष्ट होते : शास्त्रीय नावही अखेर भाषकसमूहाच्या संकेतावर उभे असते, आणि संकेत कोणाच्या मताने ठरतो हा प्रश्न तेथेही सुटत नाही.

नाते कसे ठरते

बाभळीचे नाव बदलले, बाभूळ बदलली नाही. बदलले ते तिच्या नात्याविषयीचे आपले मत. वर्गीकरण हे असे मत असते, पुराव्यावर उभे आणि पुराव्याने बदलणारे. टोमॅटोचे उदाहरण पाहा. लिनीअस यांनी त्याला वांग्या-बटाट्याच्या 'सोलॅनम' प्रजातीत ठेवले, पुढे त्याला वेगळी प्रजाती मिळाली, आणि डीएनएच्या पुराव्यानंतर तो पुन्हा 'सोलॅनम'मध्ये परतला.

लिनीअस यांच्या काळी साम्य म्हणजे निर्मात्याची योजना. चार्ल्स डार्विन यांनी १८५९ मध्ये साम्याचे कारण वंशपरंपरा आहे असे दाखवले, आणि वर्गीकरण हे वंशावळीप्रमाणे असावे हे समजावताना त्यांनी दाखला घेतला भाषांचा. भाषाकुल आणि वनस्पतिकुल यांत आपण 'कुल' हा एकच शब्द वापरतो तो योगायोग नव्हे.

आपल्या विषयातले एक तत्त्व आठवा. मराठी आणि कन्नड यांत 'अक्का', 'अण्णा' यांसारखे शब्द समान आहेत, पण म्हणून त्या एका कुलातल्या ठरत नाहीत. शेजारामुळे आलेले हे साम्य आहे. देवमाशाचा आकार माशासारखा होणे हेही पाण्याच्या शेजाराचे साम्य. याहून सूक्ष्म गोष्ट पुढची. मराठी आणि गुजराती या दोघींत तीन लिंगे आहेत, हिंदीत दोन. एवढ्यावरून मराठी-गुजराती सख्ख्या बहिणी ठरतात काय? नाही. तीन लिंगे ही संस्कृतापासून आलेली जुनी ठेव आहे. ती दोघींनी राखली आणि हिंदीने टाकली. जवळचे नाते सिद्ध होते ते समान नवनिर्मितीवरून, समान जुन्या ठेवीवरून नव्हे. जर्मन कीटकशास्त्रज्ञ विली हेनिग यांनी १९५० मध्ये जीवशास्त्रात हेच तत्त्व काटेकोरपणे मांडले. पाल आणि मगर दोघींना खवले आहेत, दोघींचे रक्त थंड. पण ही जुनी ठेव. मगरीच्या हृदयाचे पक्ष्यांप्रमाणे चार पूर्ण कप्पे असतात. हे आणि इतर पुरावे जमवले तर मगर पालीपेक्षा चिमणीच्या जवळची ठरते. मग 'सरपटणारे प्राणी' या गटात पक्षी घालावे लागतात, नाही तर तो गट वंशावळीत अपुरा राहतो. शाळेच्या पुस्तकाला हे अजून पचलेले नाही.

एक नाव, अनेक डास

नावांच्या या काटेकोरपणाचा उपयोग काय, असे कोणी विचारले तर मी युरोपातील हिवतापाची हकिगत सांगतो. ॲनॉफेलिस डास हिवताप पसरवतो हे विसाव्या शतकाच्या आरंभी माहीत झाले होते. पण युरोपात एक कोडे पडले. 'ॲनॉफेलिस मॅक्युलिपेनिस' हा डास काही भागांत भरपूर होता आणि तेथे हिवताप नव्हता; दुसऱ्या भागांत तोच डास होता आणि माणसे तापाने मरत होती. हवामान, गरिबी, जनावरांची संख्या अशी अनेक कारणे सुचवली गेली. इटलीतील आरोग्य खात्याचे एक निवृत्त निरीक्षक डोमेनिको फालेरोनी यांनी या डासांची अंडी जमवली. प्रौढ डास हुबेहूब सारखे होते, अंड्यांवरची नक्षी वेगळी होती. १९२६ मध्ये त्यांनी दोन प्रकारांना नावे दिली. पुढच्या काही वर्षांत उलगडले, की एका नावाखाली अनेक जाती दडल्या होत्या. त्यांतल्या काही माणसाला चावून रोग पसरवीत, काही मुख्यतः गुरांवर जगत. कोडे निसर्गात नव्हते, नावात होते. भारताच्या ग्रामीण भागात हिवताप पसरवणारा 'ॲनॉफेलिस क्युलिसिफेसिस' हाही पाच जातींचा समूह निघाला. त्यांना अद्याप रोमन अक्षरांनीच ओळखतात, आणि त्यांतली 'बी' ही जात हिवतापाची फारशी वाहक नाही. कोणत्या गावात कोणती जात आहे हे न पाहता फवारणी केली, तर पैसा आणि औषध निरुपद्रवी डासावर खर्च होण्याची शक्यता असते.

बोलीचा अभ्यास करणाऱ्यालाही हा दोष जडतो; मला जडला होता. पीएच.डी.साठी डोंगराळ भागात शब्दसंग्रह करीत असताना एका वृद्ध बाईंनी मला पावसाळी भाज्यांची नावे सांगितली. उच्चार, लिंग, अनेकवचन हे सारे मी काळजीपूर्वक टिपले आणि अर्थाच्या रकान्यात लिहिले : 'एक प्रकारची रानभाजी'. काही वर्षांनी वनस्पतिशास्त्राच्या एका सहकाऱ्याने वही चाळून विचारले, ही भाजी कोणती? मला सांगता येईना. पुन्हा त्या गावी गेलो तेव्हा त्या बाई हयात नव्हत्या, आणि त्यांच्या सुनेला तो शब्द ठाऊक नव्हता. मोल्सवर्थ यांच्या कोशात (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) वनस्पतींच्या अनेक नोंदींत लॅटिन नाव दिलेले आढळते. शंभराहून अधिक वर्षांनी काम करणाऱ्या मी ते केले नव्हते.

म्हणून आपल्या प्रकल्पासाठी वनस्पतींची नावे गोळा करणार असाल तर एवढे करावे. सांगणाऱ्याच्या समोरच फूल किंवा फळ असलेला एक फाटा घ्यावा; नुसत्या पानांवरून ओळख पटणे कठीण जाते. तो जुन्या वर्तमानपत्राच्या घड्यांत पसरून वजनाखाली दाबावा आणि सुकेपर्यंत कागद रोज बदलावा. सोबतच्या चिठ्ठीवर ऐकले तसे नाव, गाव, तारीख, झाड कोठे वाढले होते ते, आणि सांगणाऱ्याचे वय लिहावे. जवळच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्र विभागात ओळख पटवून घ्यावी. तेथे जमले नाही तर पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागाचे केंद्र आहे. शब्दाच्या नोंदीशेजारी शास्त्रीय नावाबरोबर नमुन्याचा क्रमांकही लिहावा, कारण शास्त्रीय नाव उद्या बदलू शकते.